एका अंड्यात एकच शुक्राणू: सस्तन प्राण्यांमधला बंदोबस्त नेमका कसा चालतो

नाशिकमध्ये एम.एस्सी. प्राणिशास्त्र करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "पुस्तकात लिहिलंय की पहिला शुक्राणू शिरताच अंड्याच्या पेशीपटलाचा विद्युतभार क्षणात पालटतो आणि बाकीचे बाहेरच राहतात. माणसातही असंच होतं का? आणि होत असेल तर आमच्या नात्यातल्या एका ताईच्या आयव्हीएफ रिपोर्टमध्ये 'बारापैकी दोन थ्री पीएन, वापरले नाहीत' असं का आलं?"

थ्री पीएन म्हणजे फलित अंड्यात दोनऐवजी तीन केंद्रकं दिसणं, त्याकडे शेवटी येऊ. पहिल्या भागाचं उत्तर सरळ आहे: नाही. पुस्तकातलं ते वर्णन सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचं आहे. लॉरिंडा जॅफे यांनी १९७६ मध्ये ते दाखवलं. एरवी उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास असलेला पटलाचा विभव (आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबातला फरक) शुक्राणू भिडल्यावर एक ते तीन सेकंदांत शून्य ओलांडून धन बाजूला जातो आणि साधारण मिनिटभर तिथेच राहतो. सी अर्चिन अंडी आणि शुक्राणू दोन्ही उघड्या समुद्रात सोडतो. तिथे एका अंड्यावर एका वेळी कितीही शुक्राणू येऊन पडू शकतात, म्हणून त्याला सेकंदांत काम उरकावं लागतं. उंदराच्या अंड्यात इलेक्ट्रोड घालून हीच तपासणी झाली तेव्हा असा विद्युत अडथळा सापडला नाही. तो निष्कर्ष १९८३ चा. हॅमस्टरच्या अंड्यात तर उलटंच दिसतं, विभव ठरावीक अंतराने आणखी ऋण होत राहतो. परीक्षेत 'जलद अडथळा' जरूर लिहा, पण कोणत्या प्राण्यात ते नाव सोबत लिहा.

मग सस्तन प्राण्यांत काय आहे? एकामागून एक असे तीन टप्पे, आणि त्यातला सगळ्यात मोठा टप्पा अंड्यात नाहीच. तो स्त्रीच्या, मादीच्या शरीरात आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच दडलंय.

पण आधी, दोन शुक्राणू शिरले तर बिघडतं काय, ते बघू. गुणसूत्रं ४६ ऐवजी ६९ होतात एवढंच लिहून विद्यार्थी थांबतात. माणसात त्याहून जास्त नुकसान सेंट्रिओल या पेशीतल्या सूक्ष्म नळीसारख्या रचनेमुळे होतं. अंड्याकडे स्वतःचा सेंट्रिओल नसतो, तो शुक्राणू आणतो, आणि पहिल्या विभाजनाचा स्पिंडल, म्हणजे गुणसूत्रं दोन बाजूंना ओढणारा धाग्यांचा सांगाडा, त्याच्याभोवती उभा राहतो. दोन शुक्राणूंबरोबर दोन संच आले की स्पिंडलला दोन ऐवजी तीन किंवा चार टोकं येतात. गुणसूत्रं वाटेल तशी वाटली जातात आणि पेशी एका फटक्यात दोनाच्या तीन होतात. उंदरात शुक्राणू सेंट्रिओल आणत नाही, त्यामुळे या एका बाबतीत उंदराचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. ज्या थोड्या भ्रूणांत ६९ चा संच नीट टिकतो, त्यांतला बापाकडून दोन संच आलेला प्रकार पुढे अनेकदा पार्शल मोल म्हणून समोर येतो: वार फुगलेली, द्राक्षाच्या घडासारखी फोडं असलेली, आणि गर्भ असला तरी जगण्याजोगा नसलेला.

आता पहिला टप्पा. एका स्खलनात किमान ३ कोटी ९० लाख शुक्राणू असावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची खालची संदर्भ मर्यादा. प्रत्यक्षात संख्या याच्या कितीतरी पटींनी जास्त असू शकते. यांतले अंडवाहिनीच्या रुंद भागात, म्हणजे जिथे फलन होतं त्या अँप्युलापर्यंत, फार तर काही शेकडा पोचतात. योनीतलं आम्ल, गर्भाशयमुखाचा चिकट स्राव, गर्भाशयातल्या पांढऱ्या पेशी, आणि मग गर्भाशय आणि नलिका यांच्या सांध्यावरची अरुंद वाट, प्रत्येक ठिकाणी गाळणी होते. त्यापुढे इस्थमस हा नलिकेचा चिंचोळा भाग. तिथल्या अस्तराला शुक्राणू डोकं टेकवून चिकटून राहतात आणि अंडं आल्यावर थोडेथोडे सुटतात. सिंहस्थाच्या पर्वणीला गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवरच थांबवतात आणि रामकुंडाकडे माणसं टप्प्याटप्प्याने सोडतात, तसाच हा बंदोबस्त. घाटावरच्या पोलिसांवर सगळा भार टाकला तर तो कोलमडणारच. उंदीर, हॅमस्टर यांच्या नलिकेत फलनाच्या वेळी मोजदाद केली तेव्हा अंड्यांइतकेच किंवा त्याहून कमी शुक्राणू तिथे सापडले. म्हणजे दुसरा शुक्राणू भेटण्याआधी पहिल्याला आपलं काम करायला निवांत वेळ मिळतो. सस्तन प्राण्याच्या अंड्याला सेकंदांत प्रतिक्रिया देण्याची गरज का उरली नसावी, ते यावरून कळतं.

याचा सगळ्यात बोलका पुरावा डुकराचा. शरीरात फलन झालं तर डुकरात बहुशुक्राणू फलन क्वचित होतं. तीच अंडी डिशमध्ये ठेवली की अनेक प्रयोगांत निम्म्याच्या आसपास अंड्यांत एकाहून जास्त शुक्राणू शिरलेले दिसतात. अंडं तेच, शुक्राणू तेच. नलिका तेवढी मधून काढून टाकली. नलिका फक्त संख्या कमी करते असंही नाही. तिच्या स्रावातलं ओव्हिडक्टिन हे ग्लायकोप्रोटीन गाय आणि डुक्कर यांच्या अंड्याच्या आवरणाला फलनाआधीच थोडं चिवट करतं, असं २००८ मध्ये दिसून आलं.

दुसरा टप्पा झोना पेल्युसिडा, अंड्याभोवतीचं पारदर्शक आवरण. माणसाचं अंडं साधारण ११० ते १२० मायक्रॉनचं आणि त्याभोवती १५ ते २० मायक्रॉन जाडीचा झोना. त्यात झेडपी१ ते झेडपी४ अशी चार प्रथिनं धाग्यांसारखी विणलेली असतात; उंदरात चौथं नाही. शुक्राणू चिकटण्याच्या दृष्टीने झेडपी२ चं सुरुवातीचं टोक महत्त्वाचं.

पेशीपटलाच्या आतल्या बाजूला, अगदी कडेला, अर्ध्या मायक्रॉनहूनही छोट्या पुटिका हजारोंनी रांगेत बसलेल्या असतात. या कॉर्टिकल ग्रॅन्युल. अंडं पक्व होताना त्या मधल्या भागातून कडेला सरकतात. कच्च्या अंड्यात त्या जागेवर पोचलेल्या नसतात, आणि पोचल्या असल्या तरी त्यांना फोडणारी कॅल्शियमची यंत्रणा पूर्ण तयार नसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शुक्राणू अंड्याच्या पटलाशी एकजीव झाला की त्याच्या डोक्यातलं पीएलसी-झीटा हे विकर आत उतरतं. हे २००२ मध्ये कार्डिफच्या गटाने ओळखलं. ते आयपी३ हा रेणू तयार करतं आणि आयपी३ मुळे अंड्याच्या आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं. एकदा नव्हे, लाटांमागून लाटा, काही तास. पहिल्या काही लाटांतच बहुतेक ग्रॅन्युल पटलाशी जुळून आपला माल बाहेर ओततात. उंदरात हे काम मिनिटांत सुरू होतं आणि पुरं व्हायला अर्धा ते एक तास घेतं.

बाहेर पडलेल्या मालात निर्णायक आहे ओव्हॅस्टॅसिन. हे प्रोटिएज आहे, प्रथिन कापणारं. ते झेडपी२ ला एका ठरावीक जागी कापतं, उंदरात १६७ आणि १६८ या अमिनो आम्लांच्या मध्ये. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर १२० किलोडाल्टनचा (रेणूच्या वजनाचं एकक) पट्टा ९० वर उतरलेला दिसतो. २०१० मध्ये उंदरांत झेडपी२ ची कापण्याची जागाच बदलून पाहिली. मग फलन होऊन, दोन पेशींचा भ्रूण झाल्यावरही नवे शुक्राणू झोनाला येऊन चिकटत राहिले. ओव्हॅस्टॅसिनची ओळख पटली ती २०१२ मध्ये.

बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला जायचा की चिकटण्याची जागा कापली, म्हणून शुक्राणू चिकटत नाहीत. तो अर्धाच होता. जे शुक्राणू आधीच झोनाच्या जाडीत अर्ध्यावर पोचलेत, त्यांचं काय? २०२४ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या गटाने रचनेच्या पातळीवर उत्तर दिलं. कापल्यानंतर झेडपी२ चे रेणू एकमेकांना धरतात, शेजारशेजारचे धागे त्यांच्यामुळे आवळले जातात आणि सगळा झोना ताठ होतो. वाटेत असलेला शुक्राणू तिथेच अडकतो. आयव्हीएफनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अंडं मायक्रोस्कोपखाली धरलं की झोनात वेगवेगळ्या खोलीवर अडकलेली शुक्राणूंची डोकी दिसतात. फोकसचा स्क्रू हळूहळू फिरवला की एक थर धूसर होतो आणि त्याच्या खालची डोकी स्पष्ट होतात. ती याच कामाची खूण.

इतकं जहाल विकर अंड्यातून थेंबाथेंबाने आधीच झिरपलं तर? झिरपतंच. म्हणून त्याच्यावर लगाम आहे: फेट्यूइन-बी. हे यकृतात बनतं, रक्तातून फॉलिकलच्या, म्हणजे अंडं वाढतं त्या पिशवीच्या, द्रवात येतं आणि झिरपलेलं ओव्हॅस्टॅसिन निष्प्रभ करतं. फलनाच्या वेळी एकदम मोठा साठा बाहेर पडतो तेव्हा मात्र हा लगाम अपुरा पडतो, आणि तेच हवं असतं. फेट्यूइन-बी नसलेल्या उंदराच्या माद्या वांझ असतात, कारण त्यांच्या अंड्यांचा झोना शुक्राणू येण्याआधीच ताठ झालेला असतो. लेसरने झोनाला भोक पाडलं की त्याच अंड्यांचं फलन होतं. अंडी डिशमध्ये पिकवताना माध्यमात सीरम नसेल तर झोना कडक होतो, हे प्रयोगशाळांना १९८० च्या दशकापासून माहीत होतं. कारण कळायला २०१३ उजाडलं.

ग्रॅन्युलमधून जस्तही बाहेर पडतं. अब्जावधी झिंक आयनांचा हा झोत उंदरात २०११ मध्ये आणि माणसाच्या अंड्यात २०१६ मध्ये टिपला गेला. माणसाच्या अंड्यांवर तो प्रयोग शुक्राणू न वापरता, कॅल्शियम कृत्रिमरीत्या वाढवून केला होता. जस्ताने शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि झोनाही बदलतो. ओव्हॅस्टॅसिन आपलं काम उरकेपर्यंतच्या मधल्या काळात याचा उपयोग होत असावा, असं मला वाटतं.

तिसरा टप्पा पटलाचा. शुक्राणूवर इझुमो१ आणि अंड्यावर जुनो अशी प्रथिनांची जोडी आहे. ती जुळल्याशिवाय मिलन नाही. इझुमो१ चा शोध २००५ चा, जुनोचा २०१४ चा. फलनानंतर ३० ते ४० मिनिटांत उंदराच्या अंड्यावरचा जुनो पटलाच्या बारीक फुग्यांसह गळून पडतो. झोना आणि पटल यांच्या फटीत कुणी शुक्राणू आलाच असेल, तर त्याला धरायला अंड्यावर काही उरत नाही, उलट ते सुटे फुगेच त्याच्या इझुमो१ ला चिकटू शकतात.

कोणता प्राणी कोणत्या टप्प्यावर भिस्त ठेवतो, ते सारखं नाही. हॅमस्टरचा मुख्य भरवसा झोनावर. सशाचा पटलावर, सशाच्या फलित अंड्याच्या फटीत जादा शुक्राणूंची गर्दी नेहमीच दिसते आणि तरी आत एकच असतो. उंदीर आणि माणूस दोन्ही वापरतात.

आता ताईचा रिपोर्ट. थ्री पीएन म्हणजे अंड्यात दोनऐवजी तीन प्रोन्यूक्लियस दिसले. प्रोन्यूक्लियस म्हणजे अंड्याच्या किंवा शुक्राणूच्या गुणसूत्रांचं, अजून एकत्र न आलेलं केंद्रक. इथे आधी एक गोष्ट विचारायला हवी: साधं आयव्हीएफ (डिशमध्ये अंडी आणि शुक्राणू एकत्र ठेवणं) होतं की इक्सी? दोन्हींत थ्री पीएनचं कारण वेगळं. इक्सीत सुईने एकच शुक्राणू आत सोडलेला असतो, त्यामुळे तिसरा प्रोन्यूक्लियस बहुधा अंड्याचाच असतो: दुसरी पोलर बॉडी, म्हणजे अंडं आपली जादा गुणसूत्रं ज्यात बाहेर टाकतं ती छोटी पेशी, बाहेर टाकायची राहून गेली. साध्या आयव्हीएफमध्ये मात्र बहुतेक वेळा दोन शुक्राणू शिरलेले असतात. दोन पोलर बॉडी स्पष्ट दिसत असतील तर दोन शुक्राणू, एकच दिसत असेल तर अंड्याचा संच, असा ढोबळ नियम आहे. पोलर बॉडीचे तुकडे होतात, म्हणून त्यावर डोळे झाकून विसंबू नये.

डिशमध्ये पहिला टप्पा गायब असतो. इस्थमसचं काम एम्ब्रिऑलॉजिस्टच्या पिपेटला करावं लागतं. सर्वसाधारण प्रमाण मिलिलिटरला ५० हजार ते १ लाख हालचाल करणारे शुक्राणू. समजा धुतलेल्या नमुन्यात मिलिलिटरला २ कोटी चपळ शुक्राणू आहेत, म्हणजे मायक्रोलिटरला २० हजार. अर्ध्या मिलिलिटरच्या विहिरीत १ लाखाचं प्रमाण हवं असेल तर एकूण ५० हजार लागतील, म्हणजे अडीच मायक्रोलिटर. तिथे नमुना नीट न ढवळता वरवर मोजला, किंवा 'जरा जास्त असू दे' म्हणून १० मायक्रोलिटर सोडले, तर प्रमाण ४ लाखांवर जातं. याने फलन वाढत नाही, थ्री पीएन वाढतात. हा मोह नवशिक्यांना हमखास होतो, विशेषतः मागच्या वेळी फलन कमी झालं असेल तर.

दुसरं कारण अंड्याचं वय आणि पक्वता. अंडी पक्व करण्यासाठी दिलेल्या शेवटच्या, ट्रिगर इंजेक्शननंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात आणि त्यानंतर साधारण ३ ते ६ तासांत शुक्राणू सोडतात. कच्चं अंडं का धोक्याचं ते वर आलंच. उशीर झालेलं अंडंही तितकंच: काही ग्रॅन्युल आपोआप फुटून गेलेल्या असतात, काही कडेपासून आत सरकतात, कॅल्शियमच्या लाटा अशक्त पडतात. साध्या आयव्हीएफमध्ये अंडं क्युम्युलस पेशींच्या ढगात गुरफटलेलं असतं, त्यामुळे पक्वता आधी नेमकी पाहता येत नाही. बारामध्ये एकदोन अंडी मागेपुढे असणं नेहमीचंच.

तिसरं कारण हाताळणी. तापमान ३७ अंशांखाली घसरलं की स्पिंडल विस्कटतो आणि दुसरी पोलर बॉडी आतच राहू शकते. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा पारा खाली येतो तेव्हा नाशिकच्या लॅबमध्येही सकाळी टेबल, डिश, पिपेटची टोकं, सगळं आधी गरम करून ठेवावं लागतं. मायक्रोस्कोपच्या गरम स्टेजवर ३७ चा आकडा दिसत असला तरी डिशमधल्या थेंबाचं तापमान एखाद-दोन अंशांनी कमी असू शकतं. थर्मोकपलने (तारेसारख्या बारीक तापमापकाने) थेंबातच मोजावं.

आणखी एक बाब फारशी बोलली जात नाही: उंची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळपास ७ टक्के कमी. इन्क्युबेटरमध्ये कार्बन डायऑक्साइड ६ टक्के ठेवून मुंबईत माध्यमाचा जो पीएच मिळतो, त्यासाठी इथे सुमारे ६.४ टक्के लागतो. मुंबईची सेटिंग तशीच उचलली तर पीएच चढा राहतो, आणि फलनाआधीच्या पक्व अंड्याकडे स्वतःचा पीएच सांभाळण्याची ताकद जवळजवळ नसते. डिस्प्लेवरच्या टक्क्यांकडे पाहून समाधान मानू नये, माध्यमाचा पीएच मोजावा.

तपासणीची वेळही काटेकोर. शुक्राणू सोडल्यापासून १६ ते १८ तासांनी प्रोन्यूक्लियस पाहतात. साधारण २२ ते २५ तासांच्या दरम्यान ते विरघळतात, आणि मग थ्री पीएनचा भ्रूण नेहमीच्या भ्रूणासारखाच दिसतो. छान वाढतोही. म्हणून 'दिसायला उत्तम होता, मग टाकला का' हा नातेवाइकांचा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्या भ्रूणाच्या दिसण्याला इथे किंमत नाही. न वापरणंच योग्य होतं.

बारात दोन म्हणजे जवळपास १७ टक्के झाले, आणि आयव्हीएफ लॅबच्या कामगिरीचे निकष ठरवणाऱ्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या व्हिएन्ना सहमतीत साध्या आयव्हीएफसाठी हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलंय. पण तो आकडा लॅबच्या एकूण कामाला लावायचा असतो, एका स्त्रीच्या बारा अंड्यांना नव्हे. केंद्राला विचारायचंच असेल तर त्यांचं वर्षभराचं प्रमाण विचारा. ते ६ च्या आत असेल तर ताईंच्या बाबतीत हा योगायोग समजायला हरकत नाही, आणि पुढच्या वेळी शुक्राणूंचं प्रमाण ५० हजारांकडे ठेवणं, अंड्यांबरोबरचा त्यांचा मुक्काम रात्रभरऐवजी काही तासांवर आणणं, एवढा बदल पुरेसा असतो. दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं तर इक्सीचा विचार रास्त आहे. एकाच थ्री पीएनवरून इक्सी सुचवणं मला घाईचं वाटतं.

जाता जाता, कारण हा प्रश्न हमखास पुढे येतो: जुळी मुलं दोन शुक्राणू एका अंड्यात शिरल्याने होतात का? वेगवेगळी दिसणारी जुळी दोन अंडी आणि दोन शुक्राणूंची, एकसारखी जुळी एक अंडं आणि एका शुक्राणूची. एक अंडं आणि दोन शुक्राणूंपासून जगलेल्या जुळ्यांच्या नोंदी २००७ मध्ये अमेरिकेतून आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातून झाल्या. तिथे ६९ गुणसूत्रांचा पसारा पहिल्याच विभाजनांत वेगवेगळ्या पेशींत वाटला गेला आणि ४६ वाल्या पेशी पुढे टिकल्या. ताईंच्या त्या दोन अंड्यांकडून अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नव्हता.